जीवरक्षक तैनात

गुहेतून बाहेर आलेला माणूस आधी स्वच्छतागृह विचारतो आणि मग समुद्र. एकतीस वर्षं मी माहितीच्या खिडकीत बसते आहे, यात कधी फरक पडलेला नाही. पाऊण तास अंधारात, ओल्या दगडाखालून वाकून चाललं की माणसाला मोकळ्या पाण्याची हाव सुटत असावी. गुहा डोंगरात आणि समुद्र तिथून सव्वा तासावर. पण घरून निघताना नकाशावर दोन्ही एका बोटाखाली मावलेले असतात, म्हणून "अजून सव्वा तास?" हे मला अशा सुरात विचारतात की जणू डोंगर मीच मध्ये आणून ठेवला आहे.

पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. कुठला किनारा चांगला? चांगला म्हणजे काय, हे विचारणाऱ्याला माहीत नसतं. कुणाला वाळू हवी असते, कुणाला सावली, पोरांना फक्त पाणी. शेवटी पंधरा वर्षांपूर्वी मी एक पत्रक काढलं. घडी घातली की खिशात जाईल एवढं. किनाऱ्याचं नाव, बस कुठून सुटते, आणि पुढे दोन रकाने, स्वच्छ आणि सुरक्षित. स्वच्छचा रकाना आरोग्य खात्याच्या पाणी तपासणीवरून भरायचा. सुरक्षितचा रकाना माझा धाकटा भाऊ भरायचा.

भाऊ जीवरक्षक होता. उथळ्या किनाऱ्यावर उंच खुर्चीत बसून त्याने बावीस वर्षं काढली. हंगाम सुरू व्हायच्या आधी आठवडाभर तो एकेक किनारा फिरायचा, खांद्याला पिशवी आणि पिशवीत संत्री. त्याची तपासणी संत्र्यांनीच व्हायची. कंबरभर पाण्यात उभं राहून तो पाच संत्री पाच ठिकाणी फेकायचा आणि वाळूवर येऊन बसायचा. संत्रं बुडत नाही आणि फार वरही तरंगत नाही, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, पाणी नेईल तिकडे ते जातं. वर रंग असा की लांबूनही दिसतं. पाचच्या पाच परत वाळूला लागली तर किनारा पत्रकात. तीन आली तर पुन्हा दुसऱ्या दिवशी. नाक मुरडणारे म्हणायचे, हे काय शास्त्र झालं? पण पंधरा वर्षांत आमच्या पत्रकावरून पोहायला गेलेला एकही माणूस बुडाला नाही. आमचे किनारे तीनच होते, उथळा, गोट्यांचा आणि बंदराकडचा. दिसायला तिन्ही बेताचे. बंदराकडच्यावर तर माशांचा वास यायचा. पण पोरं तिथून ओली आणि जिवंत परत यायची.

दोन वर्षांपूर्वी उथळ्यावरची जीवरक्षकाची जागा काढून टाकली आणि त्याच्या खुर्चीच्या जागी खांबावर कॅमेरा बसवला. म्हणजे बुडणाऱ्याचं चित्रीकरण होईल एवढी सोय झाली. भाऊ घरी बसला. त्याचं लग्न झालेलं नाही, मी नवरा गेल्यापासून एकटी, तेव्हा आमचं दोघांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी. त्या गॅलरीत उभा राहून तो समोरच्या बस थांब्यावरची डोकी मोजायचा. बस येऊन गेली की पुन्हा मोजायचा. मी घासून ठेवलेली भांडी तो परत घासायचा. एकदा पोहण्याच्या तलावाचं तिकीट काढून दोन तास बुटांसकट काठावर बसून राहिला, तेव्हा तिथल्या माणसाने त्याला उठवलं. चोपन्न वर्षांचा धडधाकट माणूस, आणि त्याला कामाला बोलावणारं कोणी नाही. मला तो परत पाण्याकाठी बघायचा होता. माझ्या हातून पुढे जे झालं ते सगळं या एका इच्छेने झालं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगू शकेन. पण ते पूर्ण खरं नाही.

यंदा गुहेला नवे व्यवस्थापक आले. तरुण, गोड बोलणारे. समोरचा बोलत असताना मान अशी हलवायचे की त्याला वाटावं, आपलं म्हणणं पटलं. त्यांनी माझ्यापुढे पाणी तपासणीचा कागद ठेवला. पांढऱ्या किनाऱ्याचं पाणी जिल्ह्यात सगळ्यात स्वच्छ ठरलं होतं. गुहा चालवणारी आमची कंपनी गुहेपासून थेट तिथपर्यंत बस सुरू करणार होती, एकाच तिकिटात गुहा आणि समुद्र. पत्रकात पांढरा किनारा सगळ्यात वर हवा, असं त्यांनी सांगितलं.

मी घरी येऊन भावाला विचारलं. विचारायची गरज नव्हती, तो तिथे तीनदा जाऊन आलेला होता.

"स्वच्छ असणारच," तो म्हणाला. "तिथे काही टिकतच नाही. वाळूच्या दोन बांधांमधून ओढ आहे, ती सगळं आत नेते. पंधरा संत्री टाकली, एकही परत आलं नाही. घाण नेतं म्हणून पाणी चांगलं, आणि माणूस नेईल तेव्हा?"

दुसऱ्या दिवशी हे मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, की ओढ आहे तर जीवरक्षक नेमू, त्यात काय मोठंसं? आणि खिडकीच्या चौकटीला टेकून, अगदी घरच्यासारखं, म्हणाले, "तुमचे बंधू आहेतच की, मॅडम."

मला तेवढं पुरलं. मी त्याच दुपारी पत्रक लिहायला घेतलं. पांढरा किनारा, पहिल्या ओळीत. स्वच्छच्या रकान्यात ‘उत्तम’. सुरक्षितच्या रकान्याशी माझं पेन थोडं थांबलं, मग मी लिहिलं, ‘जीवरक्षक तैनात’. नेमणुकीचं पत्र आलेलं नव्हतं. पण पत्रक हंगामभराचं एकदाच छापतात, आणि भाऊ आठवड्याभरात रुजू होईल असंच मी धरून चालले होते. माझ्या डोळ्यांपुढे तो खुर्चीत बसलेलाही होता. पंधरा वर्षांत त्याला न विचारता भरलेला तो माझा पहिला रकाना.

चाळीस हजार प्रती छापून आल्या. बस सुरू झाली. आणि मग कंपनीच्या विमावाल्यांनी कळवलं, की पन्नाशीपुढचा जीवरक्षक चालणार नाही. साहेबांनी हात वर केले. भरती चालू आहे, दुसरा कोणीतरी मिळेलच, म्हणाले. ही भरती चालू आहे असं ते मला पुढे दीड महिना सांगत होते.

दोन दिवस मी पेन घेऊन बसले. खिडकीतून देताना प्रत्येक पत्रकावरची ती पहिली ओळ खोडत होते. तिसऱ्या दिवशी साहेब मागे येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की हल्ली बऱ्याच ठिकाणी खिडकीत माणसाऐवजी यंत्र बसवतात, बटण दाबलं की छापील माहिती येते, खाडाखोड होत नाही. मला निवृत्तीला दोन वर्षं होती. मी पेन खाली ठेवलं. हे मी कोणी न विचारता सांगते आहे, कारण विचारलं तेव्हा सांगितलं नाही.

भावाला मी ताकास तूर लागू दिली नाही. वय आडवं आलं, असं सांगितलं, तर तो म्हणाला, बरं झालं, तिथे एका माणसाचं कामच नाही, तिथे पोहायला बंदी हवी. पत्रक मी घरी आणत नव्हते. पण एका सकाळी बस थांब्यावर कुणा प्रवाशाने त्यालाच पत्ता विचारला आणि हातातलं पत्रक पुढे केलं. तो वर आला तेव्हा मी ओट्यापाशी चहा गाळत होते.

"ताई, हा जीवरक्षक कोण?"

मी गाळणं तसंच धरून उभी राहिले. "तू," मी म्हटलं. "तू होणार होतास."

त्याने पत्रक पुन्हा वाचलं. चष्मा नव्हता म्हणून लांब धरून वाचलं. "होणार होता असं नाही लिहिलेलं," तो म्हणाला. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते आणि काहीतरी निकाल लागला असता. तो आत गेला, जुनी लाल चड्डी, शिट्टी आणि तरंगता पट्टा पिशवीत भरला आणि चहा न घेता निघाला. लिहिलंय तर कोणीतरी असायला हवं, एवढंच दारातून म्हणाला.

त्या दिवसापासून तो रोज पहिल्या बसने पांढऱ्या किनाऱ्यावर जाऊ लागला. खुर्ची नाही, छत्री नाही. वाळूत एक काठी रोवून तिला पंचा बांधायचा आणि त्या सावलीत डोकं येईल असा उभा राहायचा. संध्याकाळी घरी आला की पायांची कातडी सोललेली असायची. मी तेल देऊ केलं तर स्वतःच लावायचा. दिवसाला किती जणांना बाहेर हाकललं, हे तो सांगायचा नाही. पण कुणाला ओढून काढलं असेल त्या दिवशी तरंगता पट्टा गॅलरीत वाळत असायचा, त्यावरून मी ओळखायचे. मी तसे सात दिवस मोजले.

आणि माझ्या खिडकीवर तक्रारी यायला लागल्या. एक उघडाबंब म्हातारा शिट्ट्या मारतो. बायकांना पाण्यातून हाकलतो. आमच्या मुलाच्या दंडाला धरून बाहेर खेचलं, अजून वळ आहेत. पूर्ण तिकीट काढून आलो आणि गुडघ्यापुढे जाऊ दिलं नाही. तक्रारवही माझ्याच ताब्यात, तेव्हा हे सगळं मी माझ्या हाताने, तारीख घालून, सुवाच्य अक्षरात लिहीत होते. साहेबांनी वही चाळली आणि विचारलं, हा माणूस कोण, तुम्हाला काही कल्पना आहे का?

मी म्हटलं, "नाही. कोणीतरी वेडा असेल."

सख्ख्या भावाला वेडा म्हणताना जीभ अडखळेल असं वाटलं होतं. अडखळली नाही.

मग पाहणीचा दिवस आला. पांढऱ्या किनाऱ्याला स्वच्छतेचं मानचिन्ह मिळायचं होतं आणि त्यासाठी वरून चार अधिकारी येणार होते, सोबत साहेब. आमचं दोघांचं नाक एकच, वडिलांचं, चेहऱ्याच्या मानाने फार मोठं. साहेबांनी त्याला एकदा जवळून पाहिलं असतं तर सगळं माझ्या अंगाशी आलं असतं. आदल्या दिवशी जेवताना मी त्याला म्हटलं, की उद्या तिथे पाहुणे येणार आहेत, जाऊ नकोस.

तो म्हणाला, उद्या सुट्टीचा दिवस आहे, गर्दी असेल. पाहुणे किती वाजता जातील? दुपारपर्यंत, मी म्हटलं. मग दुपारच्या बसने जातो, तो म्हणाला. पण दुपारी ते नक्की जातील याची मला खात्री नव्हती, आणि मला कसलाच धोका नको होता.

"आख्खा दिवस घरी राहा," मी म्हटलं. "माझ्यासाठी. एका दिवसाने काय होतंय?"

लहानपणापासून मी ‘माझ्यासाठी’ म्हटलं की तो ऐकतो. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी तेरा. त्याला जेवू घालताना, शाळेत धाडताना, औषध पाजताना मी हाच एक शब्द वापरला होता. त्याने ताट बाजूला सारलं आणि हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा तो स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होता.

अकराच्या सुमारास खिडकीवर एक गृहस्थ आले. बरोबर बायको आणि दोन मुली. धाकटी आठेक वर्षांची असेल. तिने पोहण्याचा चष्मा आत्तापासूनच कपाळावर चढवला होता, आणि आई तो काढ म्हणत होती. त्यांच्या हातात पत्रक होतं. बाकी कोणी विचारत नाही, छापलेलं वाचतात आणि जातात. यांनी विचारलं.

"पोरींना पोहता येतं, पण जेमतेम. हा पहिला किनारा सुरक्षित आहे ना?"

"जीवरक्षक असतो तिथे," मी म्हटलं.

तो कुठे आहे ते मला माहीत होतं. तो आमच्या घरी पंखा पुसत होता. आज नका जाऊ, बंदराकडच्यावर जा, वास येतो पण पाणी शांत आहे, एवढं बोलायला मला किती वेळ लागला असता? मागे रांगही नव्हती. पण रोज तीच छापील ओळ पुढे करून ती माझ्या तोंडात बसली होती, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी कुणालाच काही खरं सांगायची माझी इच्छा नव्हती. पाहुणे नीट जावेत आणि दिवस मावळावा, एवढंच मला हवं होतं. ते गृहस्थ थँक्यू म्हणाले. मुलीनेही म्हटलं, आईने सांगितलं म्हणून.

पाहुणे दीड वाजता फोटो काढून गेले. धाकटी अडीचला ओढीत सापडली. वडील तिच्यामागे गेले. दोन पोहणाऱ्यांनी मुलीला बाहेर काढलं. वडील तिसऱ्या दिवशी बंदराकडे सापडले.

बातमी भावाला बस थांब्यावर कळली. मी घरी पोचले तेव्हा तो गॅलरीत होता, पण डोकी मोजत नव्हता. मला त्याने काही विचारलं नाही. त्या गृहस्थांशी मी काय बोलले होते, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. सरकारी कचेरीतली लांबट खोली, मधोमध टेबल, भिंतीला लागून खुर्च्या. चौकशी अधिकारी वयस्क होते, हळू बोलायचे, प्रत्येक उत्तर लेखनिकाला स्वतः सांगायचे. त्या गृहस्थांची बायको पहिल्या खुर्चीवर एकटी बसली होती. माझ्याकडे तिने पाहिलं, पण मला ओळखलं नाही. खिडकीच्या काचेमागून माणूस वेगळा दिसतो.

पत्रकात जीवरक्षक तैनात लिहिलंय, तो कुठे होता, हा पहिला प्रश्न निघाला. मी मनात म्हटलं, आता संपलं. पण कंपनीच्या वकिलांनी माझी तक्रारवही टेबलावर ठेवली. माझ्याच अक्षरातल्या नोंदी ते एकामागून एक वाचत गेले. शिट्टी मारणारा माणूस, लाल चड्डी, रोज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एक्केचाळीस दिवस. म्हणजे जीवरक्षक होता, ते म्हणाले. पत्रकात लिहिलं ते खरंच होतं. नेमणूक तोंडी होती आणि सेवा मानद होती. फक्त ज्या दिवशी गरज होती त्या दिवशी तो न कळवता गैरहजर राहिला. शेजारी बसलेले साहेब मान हलवत होते.

बसच्या वाहकाने ओळखून दिलेल्या भावाला टेबलापुढे उभं केलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मीच काढून दिला होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, रोज जात होता हे खरं का? हो म्हणाला. त्या दिवशी गेला नाहीत हे खरं? हो.

"का गेला नाहीत? कोणी थांबवलं होतं का तुम्हाला?"

तो गप्प राहिला. लेखनिकाचं पेन वर थांबलं होतं. मी त्याच्यापासून तीन खुर्च्यांवर होते. मला उठून उभं राहायचं होतं, आणि मी थांबवलं, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी पदर सावरला. मग वाटलं, तो काहीतरी सांगेल, विचार करतोय. मग वाटलं, उठले तर ती बाई मला ओळखेल. बाहेर कोणीतरी झाडू मारत होतं.

अधिकाऱ्यांनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला.

"बरं नव्हतं," भाऊ म्हणाला. "अंगात कणकण होती. कळवायचं राहून गेलं."

पहिल्या खुर्चीवरच्या बाईने त्याच्याकडे पाहिलं. मी आयुष्यात कुणाचं तसं पाहणं पाहिलेलं नाही, आणि ते माझ्या वाट्याचं होतं. त्याने ते उभ्याने घेतलं. अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं, की निष्काळजीपणाचं प्रकरण पोलिसांकडे जाईल आणि याला यापुढे कोणत्याही पाण्यावर रक्षक म्हणून उभं राहता येणार नाही. कंपनीला समज देण्यात आली. माझं नाव कुठेच आलं नाही. पत्रक लिहिणाऱ्याचं नाव पत्रकावर छापत नाहीत.

बाहेर जिन्यापाशी मी त्याला गाठलं. तो शर्टाचं वरचं बटण काढत होता, गळ्याशी घाम आला होता. माझा श्वास लागला होता, पण गप्प राहवेना.

"मी सांगणारच होते रे," मी म्हटलं. "मी उठतच होते. तू मध्येच बोललास."

"मध्ये नाही बोललो, ताई," तो म्हणाला. "त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी गप्प बसलो होतो ना? ती जागा तुझ्यासाठी सोडली होती."

मग तो कठड्याला धरून जिना उतरायला लागला.